बसलेल्या गंधाराचं प्रकरण

मास्तरचं नाव इथे लिहीत नाही. त्यानंच सांगितलं, "नाना, प्रकरण लिखा, पन मनं नाव नका टाकू." ज्या माणसाचं सगळं भांडण नावासाठी होतं, त्याच्याच प्रकरणात त्याचं नाव नाही. पण शब्द दिलाय तर पाळायला हवा. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, म्हणून एकेरीतच लिहितो.

प्रकरण थोडक्यात असं. मास्तर पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. नाटकांसाठी गाणी लिहितो आणि चालीही स्वतःच लावतो. एका अहिराणी संगीत नाटकासाठी त्यानं केलेल्या गाण्याची चाल पाच वर्षांनी लग्नांमधल्या डीजेवर वाजायला लागली. शब्द दुसरेच, चाल तीच. यूट्यूबवर गाण्याखाली लिहिलेलं होतं, 'संगीत : पारंपरिक'. चाल आपली आहे हे दाखवायला मास्तरकडे कागदाचा कपटाही नव्हता. एकच छापील कागद होता, तो त्याच्या विरुद्ध जाणारा. आणि तो कागद मी छापून आणलेला होता.

मी जळगावातल्या एका हौशी नाट्यमंडळाचा खजिनदार. पोटापाण्याला बँकेत कॅशियर होतो, आता निवृत्त. मला सुरातलं फार कळत नाही, पण हिशेबातलं कळतं. या प्रकरणात शेवटी सूर आणि हिशेब एकाच पानावर आले, म्हणून लिहायला बसलो.

फडातून शाळेत

मास्तरचे वडील ढोलकीवाले. तमाशाचा फड दसऱ्याला बाहेर पडायचा तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घरी. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा, चाळीसगावचा उरूस, धुळ्याची एकवीरा देवीची यात्रा हे ठरलेले मुक्काम. शाळेला सुट्टी लागली की पोरगं वडिलांबरोबर राहुटीत. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम त्याला बाराखडीच्या जोडीनं पाठ झाला. गाणं कसं तयार होतं तेही त्यानं तिथेच पाहिलं. फडाचा शाहीर दुपारी सिनेमातली एखादी गाजलेली चाल धरायचा, तिच्या वजनाचे शब्द बसवायचा आणि रात्री गौळण बोर्डावर. आधी चाल, मागून शब्द.

हे तमाशाचंच आहे असं कुणी नाक मुरडू नये. आपल्या संगीत नाटकाचा पायाही असाच घातला गेलाय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. पदं त्यांचीच, बसवणारेही तेच. चाली मात्र साकी-दिंडीच्या, कीर्तनातल्या, कानडी पदांच्या, लोकांच्या कानात आधीपासून बसलेल्या. पुढे कामाची वाटणी झाली. खाडिलकरांच्या १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांच्या. बुवांनी बंदिश ऐकवायची आणि नाटककारानं तिच्या अंगानं शब्द घालायचे. पण त्या काळातल्या नाटकांची पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात 'चाल – अमुक' असं छापलेलं सापडतं. उसनवारी होती, पण कुणाकडून घेतलं ते वर लिहिलेलं होतं. 'पारंपरिक' हा एक शब्द टाकून मोकळं होण्याची सोय तेव्हा कुणाला सुचली नव्हती.

जळगावला या परंपरेचा अभिमान भारी. बालगंधर्वांच्या लहानपणाची काही वर्षं इथे गेली. त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह शहरात आहे. तिथल्या प्रयोगाला वाऱ्यानं फुगणारा मागचा पडदा दोन्ही हातांनी धरून मी अख्खा अंक उभा राहिलोय. अभिमान अभिमानाच्या जागी, वारा वाऱ्याच्या जागी.

तर मास्तर. डी.एड. झाला, नोकरी लागली, पहिल्या पगारातून जुनी पेटी घेतली. गावानं त्याला 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली ती शाळेमुळे की पेटीमुळे, हे अजून ठरलेलं नाही. पुढची पंचवीस वर्षं त्यानं काय केलं याची यादी काढली तर हसू येईल. स्नेहसंमेलनाची स्वागतगीतं, हगणदारीमुक्तीची पथनाट्यं, श्रावणात कानबाईची गाणी, जयंतीची गाणी, सरपंचाच्या निवडणुकीची प्रचारगीतं. एकदा तर एकाच गावात दोन्ही पॅनलची. पैसे काय ते प्रचारगीताचे मिळायचे. नाटकाचे कधीच नाही. नाटकाला नारळ, शाल आणि परतीचं एसटीचं भाडं, तेही आठवण करून दिल्यावर.

त्याच्या धंद्यातली खरी अडचण मला बऱ्याच उशिरा कळली. आपल्याकडे गीतकाराची एक खुर्ची असते आणि संगीतकाराची एक. दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला की एक खुर्ची रिकामी आहे असं सगळे धरून चालतात. 'गाणी लिहून दे' म्हणून बोलावलं तर चाल वर फुकट. 'चाली लाव' म्हणून बोलावलं तर 'अरे, दोन कडवी तूच टाक की.' मास्तरलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. शब्द आणि चाल त्याच्या डोक्यात एकदमच येतात. एकाचे पैसे मागायचे आणि दुसऱ्याचे नाही, हा हिशेब त्याला जमायचा नाही आणि दोन्हींचे मागायचे तर लाज वाटायची.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरसुद्धा हे दोन्ही एकट्यानं करणारे मोजकेच. स्टीफन सोंडहाइम त्यातला मोठा. त्याला सुरुवातीला फक्त शब्दांचं काम मिळालं, १९५७ साली एका संगीतिकेत आणि १९५९ साली दुसऱ्या. चाली करायची त्याची ओढ होती, पण त्याचे गुरू ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी पहिल्या कामाच्या वेळी सांगितलं की घे, शिकायला मिळेल. शब्द आणि संगीत दोन्हींवर त्याचं नाव असलेला पहिला ब्रॉडवे प्रयोग आला १९६२ मध्ये. हे मी मास्तरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्याले निदान पत्रिकावर नाव तरी भेटनं." बोच माझ्यासाठी होती.

कापूस, वही आणि पेटी

नाटक कापूस पिकवणाऱ्या एका घराचं. संहिता आमच्या मंडळातल्या दिग्दर्शकाची, गाणी मास्तरची. अंगबांधणी वहीगायनाची. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की वही म्हणजे डफ-ढोलकीच्या साथीवर रात्र रात्र चालणारं आमच्याकडचं कथागायन. म्होरक्या ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. मास्तरनं ठरवलं की या नाटकात दोन वह्या एकमेकींसमोर उभ्या करायच्या. एक गाण्याची, एक सावकाराच्या हिशेबाची. मुखडा असा होता :

कापूस फुटना, बाप हासना
सावकारनी वही बी हासनी

कापूस फुटला म्हणून बाप हसला आणि सावकाराची वहीसुद्धा हसली. पहिल्या वाचनालाच मंडळी गप्प झाली होती.

एका सभासदानं सुचवलं की परीक्षकांना कळावं म्हणून गाणी प्रमाण मराठीत करू. मास्तरनं वाद घातला नाही, पेटीवर करून दाखवलं. अहिराणीत 'मनी शे', मराठीत 'माझी आहे'. पहिल्याच्या पाच मात्रा, दुसऱ्याच्या आठ. 'शे' हे एकच अक्षर समेवर पडतं आणि हवं तितकं लांबवता येतं. 'आहे'चं 'हे' समेच्या पलीकडे सांडतं. चार गाण्यांत त्यानं अशा अकरा जागा काढून दाखवल्या. भाषा बदलली की चाल फाटते, हे त्या दिवशी मला आकड्यांत कळलं. आकड्यांत सांगितलं की मला कळतं.

आता मुख्य गोष्ट. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. पेटी मंडळाची, सिंगल रीडची, कुणीतरी अडगळीतून काढून देणगी म्हणून दिलेली. मुखडा गाणाऱ्या मुलीचा सूर काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. काळी चारला षड्ज, म्हणजे सा, धरला की शुद्ध गंधार, म्हणजे ग, येतो पांढरी एकवर. आणि नेमकी मधल्या सप्तकातली पांढरी एक बसलेली होती. पट्टी दाबली की नुसती हवा, सूर नाही.

मास्तरच्या चालीची पहिली ओळ वहीच्याच चालीनं जाते, षड्ज, रिषभ, मध्यम, परत षड्ज, जवळजवळ बोलल्यासारखी. तिथे गंधार लागतच नाही. दुसऱ्या ओळीत 'सावकारनी' पंचमावर जाऊन थांबतं. मग 'वही' या शब्दावर एकदम तार षड्जाची उडी. वहीगायनात अशी उडी नसते, ती मास्तरची. तिथून 'बी हासनी' पायरी पायरीनं खाली येतं, आणि उतरताना वाटेत गंधार येतो. शुद्ध गंधार वाजेना, म्हणून मास्तरनं शेजारची पांढरी सात दाबली. म्हणजे अर्ध्या सुरानं खालचा, कोमल गंधार. तालमीपुरतं.

तीन आठवडे मुलगी तशीच गात राहिली. मग मी पेटी दुरुस्तीला पाठवली. रीड बदलून आल्यावर मास्तरनं गंधार शुद्ध करून बघितला. मुलीनंही गायला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गाणं गोड झालं होतं आणि नको तितकं गोड झालं होतं. कोमल गंधारानं 'हासनी' हा शब्द कडू होत होता. वहीचं ते हसणं बापाच्या हसण्याहून निराळं आहे, हे त्या एका सुरानं कळत होतं. मास्तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पेटीले जास्त समजस."

राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावर प्रयोग झाला. बक्षिसाचं सांगण्यासारखं काही नाही. गावांमध्ये पुढे नऊ प्रयोग झाले, तिकिटाचे तीन, बाकी असेच.

पत्रिका

प्रयोगाची पत्रिका छापायचं काम माझ्याकडे. आमच्या मंडळाला शहरातल्या एका कीबोर्डवाल्या दादाची साथ होती. मास्तरच्या चालींवर त्यानं साज चढवला, मध्ये वाजणारे तुकडे बांधले, रिदम पॅड आणलं, एक पैसा घेतला नाही. कागदावर त्याचं काम 'संगीत संयोजन'. समितीत चर्चा झाली की 'गीत-संगीत' दोन्हींपुढे मास्तरचंच नाव आलं तर घरचं कार्य वाटेल, दादाचाही मान राहिला पाहिजे. मास्तर समोरच बसला होता. तो म्हणाला, काही हरकत नाही. तेव्हा ठरलं ते असं : 'गीते व चाली : मास्तर, संगीत संयोजन : दादा'.

प्रूफ आलं तेव्हा दादाची ओळ लांब होऊन 'संयोजन' हा शब्द खाली पडत होता. दिसायला वाईट. मी छापखान्यात उभ्या उभ्या तो शब्द काढायला सांगितला. मग वरची ओळ खालच्या ओळीहून लांब दिसायला लागली, म्हणून 'व चाली'ही काढलं. पत्रिका छापून आली ती अशी : 'गीते : मास्तर. संगीत : दादा.' दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या, मध्यावर. मला ती फार सुबक वाटली होती.

पाच वर्षांनंतर एरंडोलच्या एका लग्नात मी आणि मास्तर पंगतीत शेजारी शेजारी. वरण-बट्टी, घोटलेलं वांगं. बाहेर डीजे सुरू. मास्तरनं बट्टी चुरायला घेतली आणि हात तसाच राहिला. गाणं हळदीचं होतं, नवरीच्या मैत्रिणी नाचत होत्या. मला आधी काहीच कळलं नाही. मग ती उडी आली आणि उडीनंतर खाली येताना तो सूर. हळदीच्या धांगडधिंग्यात तो कोमल गंधार असा आला, की मांडवात कुणी रडायचं थांबून हसावं. "हाई चाल मनी शे, नाना," मास्तर म्हणाला. "शब्द बदली टाकात." आवाज चढवला नाही. बट्टी तशीच ठेवून उठला.

त्या गाण्याला यूट्यूबवर तोवर लाखांच्या घरात प्रेक्षक मिळालेले होते. अहिराणी गाण्यांना असे आकडे नवे नाहीत. लग्नसराईत एखादं गाणं चाललं की नंदुरबारपासून भुसावळपर्यंत तेच.

चॅनेलवाल्याला फोन केला. माणूस उर्मट नव्हता. त्यानं सांगितलं की आम्ही रीतसर विचारलंय, तुमच्या नाटकाची पत्रिका आमच्याकडे आहे, तिच्यावर संगीत ज्यांचं आहे त्यांना विचारलं, त्यांनी चाल पारंपरिक आहे म्हणून सांगितलं, आणि रेकॉर्डिंगचं काम त्यांनाच दिलं. पैसेही दिले. म्हणजे दादाला. आणि पत्रिका माझी.

दादाचं म्हणणं मी त्याच्या घरी जाऊन ऐकून घेतलं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. "नाना, वहीची चाल आहे. माझे आजोबा म्हणायचे. मास्तरनी त्यात दोन जागा बदलल्या असतील. उद्या कुणी म्हणेल ओवी माझी आहे." याला पटकन उत्तर सुचलं नाही. पहिली ओळ खरोखर वहीचीच आहे. ती मास्तरची नाही, दादाची नाही, कुणाचीच नाही. प्रश्न दुसऱ्या ओळीचा होता.

वकिलाकडे

अमळनेरचे एक वकील आमच्या नाटकांना येतात. त्यांनी फी घेतली नाही, पण तासभर बौद्धिक घेतलं. मला त्यातलं जे नवीन होतं ते सांगतो, कारण आमच्यासारख्या मंडळांपैकी शंभरात नव्वदांना हे माहीत नसावं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेत गाणं ही एक वस्तू नाही, दोन आहेत. शब्द ही साहित्यकृती. चाल ही संगीतकृती, आणि संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेले आहेत. म्हणजे 'आम्ही शब्द घेतलेच नाहीत' हा बचाव लंगडा. चाल एकटी उचलली तरी उचललीच. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी चाल कागदावर स्वरलिपीत उतरवलेली नसेल तर तिला कायद्यात नीट जागाच नव्हती. आता तशी अट नाही. हक्क नोंदणीनं मिळत नाही, कृती तयार झाली की मिळतो आणि कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी हा फक्त पुरावा. फी एका कृतीला पाचशे रुपये, म्हणजे मास्तरचं एक प्रचारगीत.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी. तोंडी दिलेलं कायद्यात दिलेलं धरत नाहीत. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क विकून टाकला तरी 'हे मी केलं' असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. हौशी मंडळानं बिनतिकीट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायदा सूट देतो. इथे वकील माझ्याकडे बघून हसले, "तुमचे तीन प्रयोग तिकिटाचे होते ना?" मी पाणी मागितलं.

मग त्यांनी अमेरिकेतलं एक प्रकरण सांगितलं. जोनाथन लार्सन, शब्द आणि संगीत दोन्ही एकट्यानं करणारा, बरीच वर्षं एका खाणावळीत वेटर. त्याची 'रेंट' ही संगीतिका रंगमंचावर येण्याच्या आदल्या रात्री, २५ जानेवारी १९९६ ला पहाटे, महाधमनी फाटून तो वारला. वय ३५. पुढे ती संगीतिका ब्रॉडवेवर बारा वर्षं चालली, तिला पुलित्झर मिळालं. त्याला संहिता घडवायला मदत करणाऱ्या नाट्यसल्लागार बाईंनी सहलेखक म्हणून वाटा मागितला. १९९८ साली वरच्या न्यायालयानं नाही म्हटलं. बाईंचं काम खरं होतं, ते न्यायालयानंही नाकारलं नाही. पण दोघांनी एकमेकांना सहलेखक मानायचं ठरवलेलं होतं का, हे पाहिलं गेलं, आणि लार्सननं प्रत्येक ठिकाणी स्वतःला एकटा कर्ता म्हणून लिहिलेलं होतं.

"म्हणजे पत्रिका बघितली," मी म्हटलं.

"पत्रिकाच बघितली," वकील म्हणाले.

परतीच्या गाडीत मी गप्प. मास्तरच बोलत होता. आसोद्याच्या बहिणाबाईंचं काढलं त्यानं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. पण वहीत शब्द उतरतात. त्या माउलीनं जात्यावर कोणती ओळ कुठे वर नेली, कुठे थांबवली, ते जात्याबरोबर गेलं. "चालना कागद नही ऱ्हास नाना," तो म्हणाला.

मला तिथेच आठवलं की राहतो. कधी कधी राहतो.

खर्डा

घरी आलो आणि मंडळाची जुनी खर्ड्याची वही काढली. बँकेतल्या सवयीनं मी चहाचा कपसुद्धा लिहीत आलोय. स्पर्धेच्या प्रयोगाच्या सव्वा महिना आधीची नोंद सापडली : 'पेटी दुरुस्ती. मधली पांढरी एक बंद, रीड बदलली. रु. ३५०. (मास्तर म्हणतो वहीच्या गाण्याला आता नवा गंधार नको.)' कंसातलं मी का लिहिलं होतं, माहीत नाही. गंमत वाटली असेल. त्याच पानाला दुरुस्तीवाल्याची पावती टाचलेली, तारखेसह.

आम्ही दादाच्या घरी बसलो. मास्तर, दादा, मी, आणि चहा आणून देऊन दाराशी उभ्या राहिलेल्या वहिनी. पेटी चटईवर. मास्तरनं वहीतली मूळ ओळ वाजवली, जशी म्हातारे म्हणतात तशी. मग स्वतःची. मग मोबाइलवर हळदीचं गाणं लावलं, फक्त दुसरी ओळ, तीनदा. काही बोलला नाही.

दादानं पेटी स्वतःकडे ओढली. दुसरी ओळ शुद्ध गंधारानं वाजवली, मग कोमलनं. पुन्हा शुद्धनं. मी खर्डा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अरे, ही आपल्या पेटीची खोड आहे. मी रेकॉर्डिंगला तशीच्या तशी बसवली." आणि मग, थोडं थांबून, "आजोबांच्या वहीत ही उडी नव्हती."

त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शंभर वेळा वाजवलेली चाल आपल्या हाताची वाटायला लागते, ही वाजवणाऱ्यांची जुनीच फसगत आहे. पारंपरिक म्हणताना तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. विसरला होता. आणि त्याच्या विसरण्याला माझ्या सुबक पत्रिकेचा आधार होता.

त्यानं लिहून दिलं. 'चाल मास्तरची, पहिली ओळ वहीगायनाच्या पारंपरिक चालीवर, संयोजन माझं.' तो कागद, पावती आणि खर्ड्याच्या पानाचा फोटो वकिलांच्या पत्रासोबत चॅनेलवाल्याकडे गेला. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. आठ दिवसांत गाण्याखालचा मजकूर बदलला. 'पारंपरिक' जाऊन मास्तरचं नाव आलं. एकरकमी सात हजार रुपये मिळाले. मास्तरनं लेख स्वतः सांगितला आणि मी लिहिला : फक्त चाल, फक्त या एका ध्वनिमुद्रणापुरती, पाच वर्षं, नाव प्रत्येक ठिकाणी.

माझ्या मते त्यानं कमी घेतले. पुढच्या उत्पन्नात वाटा मागायला हवा होता. वकिलांचंही तेच मत. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्जही त्यांनी दिलाय, तो मास्तरच्या कपाटात शाळेच्या पोषण आहाराच्या रजिस्टरखाली आहे. मी दर भेटीत विचारतो. तो म्हणतो, सुट्ट्या लागू देत. लग्नात ते गाणं वाजलं की अजूनही कुणाला कळत नाही कुणाचं आहे, कारण डीजेवर नाव ऐकू येत नाही. हे त्यालाही माहीत आहे. तरी त्या दिवशी त्यानं गाण्याखालचा मजकूर मोबाइलवर मोठा करून बायकोला दाखवला, आईला दाखवला, आणि मग मला फोन करून विचारलं की ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना.

दादा आणि मास्तर पुन्हा एकत्र काम करतायत. या दिवाळीनंतरचं नाटक पाणी आणि गिरणेच्या आवर्तनांवर आहे. पत्रिका आता दिग्दर्शक छापून आणतो, मला फक्त बिल येतं. तालमीत पहिल्यांदा गाणं बसलं की दादा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो आणि आम्हा तिघांना पाठवतो.

नव्या संहितेची प्रत परवा माझ्याकडे आली. सात पदं आहेत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर, जुन्या पुस्तकांत असायचं तसं, बारीक अक्षरात लिहिलंय. पहिल्यावर 'चाल – आखाजीच्या झोक्याची, जशीच्या तशी'. दुसऱ्यावर 'चाल – स्वतःची'. तिसऱ्यावर 'चाल – स्वतःची, मधला तुकडा दादाचा'. पाचव्या पदाशी मी थांबलो. तिथे लिहिलंय :

'चाल – स्वतःची. कोमल गंधार – मंडळाच्या पेटीचा, रु. ३५०.'